झापायचं कुणाला?

कुरुळी,
१७ ऑगस्ट २०२५

दानिशभाई,

कागदावरचं पत्र बघून गुलशनवहिनी म्हणतील, ही पोरगी कुठल्या जमान्यात राहते. पण कंपनीच्या गेटवर आमचे फोन जमा होतात, मेलवर आता नजर आहे, आणि संध्याकाळी तुम्हाला फोन लावला की मागं मोटारी घुमत असतात. तुम्ही "बोल, बोल" म्हणता आणि ऐकत काहीच नाही. म्हणून पत्र.

तुम्ही चाकण सोडून उदगीरला सासऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायला गेलात, त्याला तीन वर्षं झाली. तुमचं खोकं, तो जुना कॉम्प्युटर, मात्र इथंच आहे. स्टोअरमध्ये, माझ्या टेबलाखाली, "बंद करू नये" ही तुमच्या अक्षरातली चिठ्ठी अंगावर घेऊन. रोज सकाळी सहाला तुमचा पायथनचा प्रोग्राम त्यात आपोआप चालतो. कंपनीच्या त्या महामेळ सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमधून ऑर्डरी उचलतो, गेटच्या डेटाबेसमधून गाड्या उचलतो आणि कुठला पार्ट किती नग कुठल्या गाडीत घालायचा, ती यादी काढून ठेवतो. सगळ्या कंपनीला वाटतं, ही यादी महामेळच काढतं. एवढं महागाचं सॉफ्टवेअर, तेच काढत असणार ना. महामेळची स्वतःची यादी यायला चार तास लागतात, आणि चार तासांनी ते विचारतं की यादी खरंच हवी आहे का.

आता नवीन आयटी हेड आलेत, निरंजन सर. त्यांनी भिंतीभिंतीवर पाट्या लावल्यात: ज्याची पावती नाही, ते सॉफ्टवेअर नाही. पेनड्राइव्ह लावायची तोंडंही त्यांनी लाखेनं सील केलीत. आमच्या गावात तहसीलदारानं वाळूचा ट्रक सील केला होता, अगदी तसं.

माझी अडचण अशी. कायम करायच्या लोकांची यादी दिवाळीआधी लागणार आहे. मी चार वर्षं कंत्राटी. कंत्राटदारही बदलतोय, म्हणजे या वेळी नाव नाही लागलं तर मी घरी. फॉर्ममध्ये "विशेष कामगिरी" असा रकाना आहे. माझी कामगिरी एकच: तुम्ही शिकवलंत तेवढ्या जोरावर मी हा प्रोग्राम तीन वर्षं चालता ठेवला, नवीन पार्ट आले तसे त्यात बदल केले. ते लिहिलं तर फुकटचं सॉफ्टवेअर लपवून चालवलं म्हणून हाकलतील. नाही लिहिलं तर रकाना रिकामा. काय करू, ते कळवा.

तुमची,
तेजल


उदगीर,
२८ ऑगस्ट २०२५

तेजल,

पत्र पोचलं. गुलशननं दोनदा वाचलं आणि म्हणाली, हिला उत्तर दिल्याशिवाय जेवायला बसू नका. तेव्हा उपाशीपोटी लिहितोय.

तुला एक जुनी गोष्ट सांगतो, जी मी निघताना सांगितली नव्हती. हा प्रोग्राम तयार झाला तेव्हा मी तो मोठ्या उत्साहानं तेव्हाच्या साहेबांना दाखवला. साहेबांनी यादी बघितली, खूश झाले. विचारलं, "केवढ्याला घेतलं?" मी म्हणालो, "सर, पायथन भाषा फुकट मिळते. मेहनत माझी." साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले, "फुकट? मग उद्या बिघडलं तर झापायचं कुणाला?" मी म्हणालो, "मला झापा." ते हसले. "तू कंत्राटी माणूस. उद्या असशील का?" दोन महिन्यांत महामेळ आलं. ज्याला झापता येईल अशी कंपनी मिळाली म्हणून सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या वार्षिक शेऱ्यात लिहिलं होतं: "दिसेल असं काम नाही."

खरंच होतं ते. टेबलाखालचं कुणाला दिसतं?

तेव्हा सल्ला एकच, गप्प बस. रकान्यात "वेळेवर हजर राहते" असं लिही, मोठ्या कंपन्यांना तेवढं पुरतं.

पण ते मशीन जुनं आहे. मी घेतलं तेव्हाच भंगारातून उचललेलं होतं. प्रोग्रामची दुसरी प्रत कुठं ठेवायला तुमच्या सरांनी जागाच ठेवली नाही, म्हणून सगळा प्रोग्राम हातानं लिहून सोबत पाठवतोय. एकशे सत्त्याऐंशी ओळी, अकरा पानं. तू केलेले बदल फोनवर सांगितले होतेस, तेही घातलेत. पायथनमध्ये ओळ किती आत सरकून सुरू होते त्यालाही अर्थ असतो, हे तुला माहीतच आहे. म्हणून जेवढी आत, तेवढ्या लाल उभ्या रेघा मारल्यात. एक रेघ म्हणजे चार मोकळ्या जागा. पासवर्ड लिहिलेला नाही, तो तुझ्या डोक्यात आहे.

हे पत्र पर्समध्ये ठेव. गेटवर फोन काढून घेतात, कागद अजून कुणी काढून घेत नाही.

दानिश


कुरुळी,
१४ सप्टेंबर २०२५

दानिशभाई,

अकरा पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलीत. आई म्हणते, कुणाचं एवढं लांबलचक पत्र. मी म्हणाले, कंपनीचं. तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

इथं परवा सोहळा झाला. तीन वर्षांत यादीत एकही चूक नाही म्हणून महामेळला ढाल मिळाली. सॉफ्टवेअर स्टेजवर येऊ शकत नाही, म्हणून निरंजन सर गेले. त्यांनी भाषणात सांगितलं की दर्जा हवा तर किंमत मोजावी लागते. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

मग खरी गोष्ट झाली. एचआरच्या वर्षाली मॅडमनी मला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की महामेळ आता सगळं आपलं आपण करतंय, त्यामुळे यादीवर वेगळं माणूस ठेवायची गरज उरत नाही. कायमच्या यादीचं बघू, पण फार आशा ठेवू नकोस. म्हणजे मी काम इतकं चोख केलं की मीच जास्तीची ठरले.

आमचे स्टोअरचे कोंडीराम काका तुम्हाला आठवत असतील. तीस वर्षं रॅकमधले पार्ट मोजतायत, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय. त्यांना सगळं माहीत आहे. त्यांना विचारलं, प्लांट हेड योगिनी मॅडमना जाऊन खरं सांगू का? तर म्हणाले, "खरं बोलावं बाई. पर दिवाळी झाल्यावर. खरं काय नासकं दूध न्हाई, ऱ्हातंय."

पण दिवाळीनंतर सांगून मला काय उपयोग? तुम्ही म्हणत असाल तर उद्या सांगते. प्रोग्राम तुमचा आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय बोलणार नाही.

तेजल


उदगीर,
२१ सप्टेंबर २०२५

तेजल,

अजिबात सांगू नकोस. मी सांगितलं होतं, माझं काय झालं ते बघ. ढाल घेऊन बसलेल्या माणसाला ढाल दुसऱ्याची आहे हे सांगायला जाऊ नये.

खोकं चाललंय तोवर चालू दे. बंद पडलं तर त्यांना आपोआप कळेल काय बंद पडलं ते. तेव्हा मला फोन कर. गिऱ्हाईक असो, नमाज असो, जेवण असो, मी उचलेन. हा शब्द.

दानिश


कुरुळी,
५ ऑक्टोबर २०२५

दानिशभाई,

तुम्हाला शुक्रवारी अकरा फोन केले. उचलला नाहीत. बरे आहात ना, एवढंच आधी कळवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

झालं ते असं. बुधवारी खंडेनवमी होती. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं त्या दिवशी मशीनं बंद करून पुसतात, हळदकुंकू वाहतात, हार घालतात. प्रेस शॉपमध्ये पूजा, पेंट शॉपमध्ये पूजा, फोर्कलिफ्टलासुद्धा झेंडू. मी दुपारी अर्धी रजा टाकून घरी गेले होते. कोंडीराम काकांच्या मनात आलं, सगळ्या मशीनींची पूजा होतीये, आणि जे सगळ्यांत जास्त राबतं ते बिचारं टेबलाखाली. त्यांनी तुमचं खोकं बंद केलं, बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, चौरंगावर मांडलं. "बंद करू नये" या चिठ्ठीलाही कुंकू लावलं. एवढ्यात फोटोवाले आले, मागून निरंजन सर आले. सरांना वाटलं, जुन्या मशीनचा देखावा केलाय. त्यांनी नारळ घेतला आणि चौरंगाच्या कडेवर फोडला. निम्मं पाणी खोक्याच्या पाठीतून आत गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी सकाळी सातला मी आले, तर यादी नाही. खोकं चालू केलं, तर आतून जळलेल्या खोबऱ्याचा वास आला आणि बंद पडलं. काका माझ्याकडं बघत उभे. एवढंच म्हणाले, "माज्याच हातानं घालवलं गं."

साडेसातला सात गाड्या गेटवर. अकराच्या आत त्या निघाल्या नसत्या तर ज्यांच्याकडं आपला माल जातो त्यांची लाइन थांबणार होती. महामेळला यादी मागितली. नऊ वाजता पडद्यावर सहा टक्के झाले होते. महामेळच्या हेल्पलाइननं तक्रार नंबर दिला आणि सांगितलं, अठ्ठेचाळीस तासांत आमचा माणूस संपर्क करेल. निरंजन सर फोनवर त्यांना झापत होते. खूप झापलं, पण टक्के सहावरच राहिले.

योगिनी मॅडम स्वतः स्टोअरमध्ये आल्या. मी माझा फोन गेटवरून मागवून घेतला आणि तुम्हाला लावला. अकरा वेळा. मग पर्समधून पिशवी काढली. मॅडमनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, "मॅडम, तीन वर्षं जी यादी महामेळ काढतंय असं आपण समजतोय, ती हे काढतं. दानिशभाईंनी लिहिलंय. मी चालवते."

निरंजन सर म्हणाले, "याचं लायसन्स?" मी म्हणाले, भाषा फुकट आहे. ते म्हणाले, "मग बिघडलं तर झापायचं कुणाला?"

तुमच्या पत्रातलं वाक्य, शब्दाला शब्द. मला हसूच आलं. मी म्हणाले, "मला झापा सर. पण अकरा वाजल्यानंतर."

मॅडम म्हणाल्या, "तिला सॉफ्टवेअर उतरवायचा पासवर्ड द्या." सरांनी माझ्या कॉम्प्युटरवर पायथन उतरवू दिलं, तेही नाक मुरडत, आणि मी टाइप करायला बसले. मान खाली-वर करून ओळ सापडेना. तेव्हा काका खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि पानं हातात घेतली. म्हणाले, "मी वाचतो, तू बडव." मी म्हणाले, काका, हे इंग्रजी आहे, वर खुणाखुणांचं. तर म्हणाले, "मला वाचायचं शिकवू नगंस. तीस वर्सं पार्ट नंबर वाचतोय. येक आकडा चुकला की येक गाडी म्हागारी येती."

आणि खरोखर तसंच वाचलं, दानिशभाई. एकेक अक्षर सुटं, पार्ट नंबर वाचावा तसं. "दोन रेघा. मंग एस, ई, एल, ई, सी, टी. मोकळी जागा. चांदणी." त्यांना शब्दाचा अर्थ लागत नव्हता, म्हणूनच अंदाजानं काही वाचायचा मोह झाला नाही. मी अर्थ कळून टाइप करत होते आणि चूक माझीच झाली. पहिल्यांदा चालवलं तर एकशे त्रेचाळिसाव्या ओळीवर अडलं. काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "मी तीन रेघा सांगितल्या हुत्या. तू दोनच दिल्यास."

तिसरी रेघ दिली. दहा पस्तीसला यादी छापून आली. अकराच्या आत सातही गाड्या गेल्या. काकांनी तुमची पानं नीट घडी घालून परत दिली आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले.

आता सगळ्यांना कळलंय. पुढं माझं काय होणार ते माहीत नाही, उद्यापासून चौकशी आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय बोलले, राग मानू नका. फोन लागला असता तर विचारलं असतं.

तेजल


उदगीर,
११ ऑक्टोबर २०२५

तेजल,

मी ठणठणीत आहे. त्या दिवशी फोन चार्जिंगला लावून बाहेरगावी मोटार बसवायला गेलो होतो. योगायोग वाईट. चौकशीत सांभाळून बोल. कोंडीराम काकांना सलाम.

दानिश


कुरुळी,
१९ ऑक्टोबर २०२५

दानिशभाई,

आधी चौकशीचं सांगते. आपल्याकडं काही बिघडलं की व्हाय-व्हाय करतात ना, पाच वेळा "का" विचारायचं आणि मुळाशी जायचं. यादी का आली नाही? मशीन बंद पडलं. का? आत पाणी गेलं. का? नारळ फोडला. कुणी फोडला, हा "का" नसल्यामुळे विचारता येईना. तरी निरंजन सरांनी काकांचं नाव घ्यायला सुरुवात केली होती, पूजा कुणी मांडली म्हणून. मी नोटीस बोर्डवरचा फोटो काढून आणला आणि टेबलावर ठेवला. सर नारळासकट स्पष्ट आले होते. मग सर्वानुमते मूळ कारण ठरलं: नारळ ओला होता. उपाय म्हणून पुढच्या वर्षापासून मशीनपासून तीन फूट लांब फोडायचा. तशी पिवळी पट्टी जमिनीवर आत्ताच मारून झाली आहे. काकांना कुणी काही बोललं नाही.

आता माझं. योगिनी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, प्रोग्राम चालू राहणार, काढून टाकला तर गाड्या थांबतील. पण ऑडिटवाले विचारणार, याला जबाबदार कोण. महामेळ जबाबदार नाही, पायथन कुणाचंच नाही. नियमाप्रमाणं जबाबदार म्हणून कंत्राटी माणसाचं नाव लिहिता येत नाही. वर्षाली मॅडमनी नियमांचं पुस्तक तीनदा चाळलं. शेवटी काही इलाज उरला नाही, तेव्हा मला कायम केलं.

सोळा तारखेला यादी लागली. सातवं नाव माझं. हुशारीसाठी नाही, हक्कानं झापता यावं म्हणून. आईला एवढं बारीक सांगितलं नाही. तिनं देहूला जाऊन पेढे ठेवले आणि मी खूप रडले.

आता तुमचं. तुम्ही लिहिलेलं कारण मला पटलं नाही, म्हणून मी गुलशनवहिनींना फोन केला. त्या खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, शुक्रवारी दिवसभर दुकानातच होते, फोन काउंटरवर होता, वाजायचा आणि ते बघत बसायचे.

दोन दिवस मला फार राग होता. मी तिथं एकटी उभी होते आणि तुम्ही बघत बसलात. मग ती अकरा पानं पुन्हा काढली. लाल रेघा तुम्ही पट्टीनं मारल्यात. एकही वाकडी नाही. जिथं माझं चुकतं हे तुम्हाला माहीत आहे तिथं दोनदा गिरवल्यात. हे करायला तुम्हाला किती संध्याकाळी लागल्या असतील, ते मला कळतं. राग गेला असं म्हणत नाही. पण हे लिहून ठेवते.

नव्या मशीनवर माहितीची पाटी लागते. "जबाबदार" या रकान्यात माझं नाव आहे. "निर्माता" हा रकाना निरंजन सर मोकळा सोडत होते. मी तुमचं नाव लिहिलं, पूर्ण, दुकानाच्या पत्त्यासकट. खाली फोन नंबरही दिलाय. आता वाजला तर उचला.

तेजल


उदगीर,
२५ ऑक्टोबर २०२५

तेजल,

गुलशन समोर बसली आहे, म्हणून खोटं लिहिता येणार नाही. तसंही लिहायचं नव्हतं.

मी फोन मुद्दाम उचलला नाही. तीन वर्षं रोज सकाळी सहाला जाग यायची आणि वाटायचं, आज बंद पडू दे. एकदा अडू दे त्यांना, एकदा विचारू दे, दानिश कुठं गेला. त्या शुक्रवारी वाजायला लागला तेव्हा कळलं की बंद पडलं. मनात म्हटलं, अजून थोडं अडू दे. तिथं तू उभी असशील, तुझी नोकरी टांगलेली असेल, हे मला दिसत होतं आणि तरी मी बसून राहिलो. अकराव्या फोननंतर वाजायचा थांबला. मग मी घाबरलो, तुला लावायला फोन हातात घेतला, पण लाज वाटली. मला माफ कर. तुला गप्प बस म्हणत होतो तेही सगळं तुझ्या भल्यासाठी नव्हतं. मला वाटत होतं, जे मला जमलं नाही ते तू सांगून टाकशील आणि तुझं ऐकतील. तसंच झालं, आणि आता त्याचा आनंद होतोय, हे मलाच नवीन आहे.

आता ऐक. काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. चाकणचा नंबर. निरंजन सर. यादी दहा मिनिटं उशिरा आली होती. नव्या मशीनचं घड्याळ तुम्ही लोकांनी दहा मिनिटं मागं लावलंय, बाकी काही नाही. मी विचारलं, तेजलला विचारलंत का? तर म्हणाले, "ती भाऊबीजेच्या रजेवर आहे. कायम आहे ना आता." मग सुरू झाले. जबाबदारी म्हणजे काय, निर्माता म्हणून नाव लावायला आवडतं, मग उशीर का, फुकट म्हणून काहीही चालेल का. पंधरा मिनिटं झापलं. तीन वेळा माझं पूर्ण नाव घेतलं.

त्या कंपनीत नऊ वर्षं काढली, तेजल. कुणी मला नाव घेऊन झापलं नव्हतं. ऐकता ऐकता डोळे भरून आले, गिऱ्हाईक घाबरून विचारायला लागलं, घरी सगळं ठीक ना. मी मध्ये एकदाही बोललो नाही. सर थकले तेव्हा घड्याळ कसं लावायचं ते सांगितलं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला होता.

दानिश